पांढुरक्या प्लास्टिकचा डबा काचेसारखा पारदर्शक कसा होतो? किलोमागे २ ग्रॅम पावडरीची गोष्ट

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत प्लास्टिकचे डबे बघायला गेलात, तर एक गोष्ट पटकन लक्षात येते. एकाच आकाराचे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात. एक दुधाळ, पांढुरका. आत काय आहे ते अंधुक दिसतं, पण डाळ तुरीची की हरभऱ्याची हे ओळखायला झाकण उघडावं लागतं. दुसरा डबा मात्र जवळजवळ काचेसारखा स्वच्छ. दुकानदाराला विचारलं तर तो दोन्हींना 'पीपी'च म्हणतो. उलटे करून पाहिले तर दोन्हींच्या तळाशी त्रिकोणात ५ हाच आकडा असतो.

म्हणजे प्लास्टिक तेच. मग एक धुरकट आणि दुसरा पारदर्शक कसा?

उत्तर आहे एका पावडरीत. किलोभर प्लास्टिकमध्ये साधारण २ ग्रॅम एवढीच ती टाकतात. गंमत म्हणजे ही पावडर प्लास्टिकमधून काहीच काढून टाकत नाही. धूर नाही, मळ नाही, पांढरा रंगही नाही. उलट ती प्लास्टिकमध्ये आणखी कण तयार करते, तेही कोट्यवधी. तरीही डबा स्वच्छ दिसतो. हे कसं घडतं, आणि डबा विकत घेताना किंवा कचऱ्यात टाकताना आपल्याला ते माहीत असण्याचा काय उपयोग, ते पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मुळात पांढऱ्या रंगाचं नसतं. त्याच्या आत तयार होणाऱ्या मोठ्या स्फटिकांमुळे प्रकाश विखुरतो आणि ते धुरकट दिसतं.
- 'क्लॅरिफायर' नावाची पावडर या स्फटिकांना लाखो जास्तीच्या जागी सुरुवात करून देते. त्यामुळे प्रत्येक स्फटिक लहान राहतो आणि प्रकाश बराचसा सरळ पार जातो.
- डबा पारदर्शक आहे यावरून तो सुरक्षित आहे की नाही, किंवा गरम पदार्थासाठी चालेल की नाही, हे कळत नाही. त्यासाठी तळाचा आकडा पाहावा लागतो.

पांढरं दिसणं म्हणजे नेमकं काय?

वडापाव कागदात गुंडाळून मिळतो तेव्हा कागदावर तेलाचा डाग पडतो. तो कागद उजेडासमोर धरला की डागापुरता भाग अर्धपारदर्शक झालेला दिसतो. तेलानं कागदातलं काही काढलेलं नाही. मग झालं काय?

कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं आणि मधे हवा. हवेतून तंतूत आणि तंतूतून परत हवेत जाताना प्रकाश दर वेळी थोडा वळतो. असा हजारो वेळा वळला की तो सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला कागद पांढरा दिसतो. तेल मधल्या हवेची जागा घेतं. तेल आणि तंतू दोघांचीही प्रकाश वळवण्याची क्षमता जवळपास सारखी असते. या क्षमतेला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा अपवर्तनांक १, खाद्यतेलाचा साधारण १.४७ आणि कागदाच्या तंतूंचा १.५ च्या आसपास. फरक कमी झाला की वळणं कमी होतात आणि प्रकाश पार जातो.

यातून दोन नियम हाती लागतात. पहिला, आत अपवर्तनांकाचा फरक असलेले भाग असतील तरच पदार्थ धुरकट दिसतो. दुसरा नियम जरा कमी माहीत असलेला आहे: हे भाग किती मोठे आहेत यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाग या लांबीएवढे किंवा त्याहून मोठे असले की प्रकाश चांगलाच विखुरतो. त्याहून खूप लहान असले तर प्रकाशाला ते जवळपास 'दिसतच' नाहीत आणि तो सरळ निघून जातो.

इथे एक शंका येऊ शकते. खडीसाखर अर्धपारदर्शक असते आणि तीच दळून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र होते. मग बारीक केल्यावर पदार्थ स्वच्छ दिसतो हे कसं? उत्तर असं की पिठीसाखरेचा कण आपल्याला बारीक वाटला तरी प्रकाशाच्या मानानं तो अवाढव्यच असतो. शिवाय दोन कणांमध्ये हवा असते. बारीक करत करत कण तरंगलांबीच्या खाली जायला हवा, तेव्हा चित्र उलटतं.

पीपीच्या आत स्फटिक आले कुठून?

स्फटिक म्हटलं की मीठ, साखर, हिरा आठवतो. प्लास्टिकचे स्फटिक ही कल्पना विचित्र वाटते, पण आहे खरी.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. पीपीच्या साखळीला ठरावीक अंतरावर कार्बन आणि हायड्रोजनचा एक छोटा गट जोडलेला असतो. हे गट कधी डाव्या, कधी उजव्या बाजूला असे कसेही आले तर साखळी वेडीवाकडी होते आणि मऊ, चिकट, फारसा उपयोग नसलेला पदार्थ मिळतो. इटलीच्या मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये विशेष उत्प्रेरक वापरून हे सगळे गट एकाच बाजूला असलेली साखळी मिळवली. या कामासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना १९६३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

साखळी शिस्तीची असली की ती घडी घालून नीट रचता येते. वितळलेलं पीपी थंड होऊ लागलं की साखळ्या घड्या घालत पातळ पापुद्रे बनवतात. एक पापुद्रा साधारण १० नॅनोमीटर जाड असतो. एका बिंदूपासून हे पापुद्रे चहूबाजूंनी वाढत जातात आणि गोळा तयार होतो. या गोळ्यांना स्फेरुलाइट म्हणतात. ते दहा मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंतही वाढतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढे. पापुद्र्यांच्या मधे ज्या साखळ्यांना घडी जमली नाही, त्या अस्ताव्यस्त राहतात.

घडी घातलेल्या भागाची घनता जास्त, अस्ताव्यस्त भागाची कमी, म्हणून दोन्हींच्या अपवर्तनांकात थोडा फरक. त्यात गोळ्यांचा आकार तरंगलांबीच्या कितीतरी पट. आपले दोन्ही नियम इथे लागू पडतात आणि डबा दुधाळ दिसतो.

यात एक मजेशीर अडचण आहे. ज्या शिस्तीमुळे पीपी मजबूत होतं, उकळत्या पाण्यातही टिकतं, त्याच शिस्तीमुळे ते धुरकटही होतं. स्फटिक काढून टाकले तर ताकद जाईल. पॉलिस्टायरीन किंवा ॲक्रिलिकसारख्या प्लास्टिकमध्ये स्फटिक बनतच नाहीत, म्हणून ती काचेसारखी दिसतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. स्वस्त पॉलिस्टायरीनचा पारदर्शक ग्लास दाबला की कडकन तडकतो.

म्हणजे उपाय असा हवा, ज्यात स्फटिक राहतील पण दिसणार नाहीत.

हलव्याचा काटा आणि क्लॅरिफायर

संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर थेंब थेंब पाक सोडतात. साखर त्या दाण्याभोवती जमत जाते. आता समजा पाक तेवढाच आहे. दाणे मोजके घेतले तर प्रत्येकावर भरपूर साखर चढेल आणि हलवा टपोरा होईल. त्याच पाकात मूठभर खसखस घेतली तर पाक असंख्य दाण्यांत वाटला जाईल आणि प्रत्येक दाणा बारीक राहील.

पीपीचंही असंच. साधं पीपी थंड होताना स्फटिकांना सुरुवात करायला मोजक्याच जागा सापडतात: उत्प्रेरकाचा उरलेला एखादा कण, एखादी धूळ. म्हणून थोडेच गोळे तयार होतात आणि ते एकमेकांना भिडेपर्यंत वाढत राहतात. सुरुवातीच्या जागा वाढवल्या तर गोळे लवकर भिडतील आणि लहान राहतील.

किती जागा लागतील? गोळ्याचा व्यास १०० मायक्रॉनवरून १ मायक्रॉनवर आणायचा म्हटलं तर व्यास १०० पट कमी. पण आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे घटतं, म्हणजे १०० × १०० × १०० = १० लाख पट. तेवढ्याच जागेत १० लाख पट जास्त गोळे बसवावे लागतील, म्हणजे सुरुवातीच्या जागाही १० लाख पट जास्त हव्यात.

आता एवढ्या जागा आणायच्या कुठून? शंखजिऱ्याची पूड टाकून पाहता येते. ती स्फटिकांना सुरुवात करून देते, डबा कडक होतो, साच्यातून लवकर निघतो. पण शंखजिऱ्याचे कण स्वतःच एवढे मोठे की तेच प्रकाश विखुरतात. म्हणून या धंद्यात दोन वेगळे शब्द आहेत. स्फटिकांना सुरुवात करून देणारा कोणताही पदार्थ म्हणजे 'न्यूक्लिएटर'. ते काम करून वर स्वतः अदृश्य राहणारा तो 'क्लॅरिफायर'. प्रत्येक क्लॅरिफायर न्यूक्लिएटर असतो, पण प्रत्येक न्यूक्लिएटर क्लॅरिफायर नसतो.

साखरेच्या नात्यातली पावडर

सगळ्यात जास्त वापरले जाणारे क्लॅरिफायर सॉर्बिटॉलपासून बनतात. हे नाव तुम्ही 'शुगर-फ्री' च्युइंगगमच्या किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर वाचलं असेल. ग्लुकोजवर हायड्रोजनची प्रक्रिया करून सॉर्बिटॉल मिळतं. त्याच्या एका रेणूला बेन्झाल्डिहाइडचे दोन रेणू जोडले की डायबेन्झिलिडीन सॉर्बिटॉल, थोडक्यात डीबीएस, तयार होतं. बेन्झाल्डिहाइड म्हणजे कडू बदामाच्या वासाचं रसायन. तयार झालेल्या रेणूचं वर्णन रसायनशास्त्रात अनेकदा फुलपाखरासारखं करतात: मधे साखरेचं धड आणि दोन बाजूंना दोन पंख.

डीबीएस हा पदार्थ १८९१ पासून माहीत होता. प्लास्टिक स्वच्छ करण्यासाठी त्याचा वापर मात्र १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. पुढे अमेरिकेच्या मिलिकन कंपनीनं 'मिलाड' या नावानं या कुळातल्या पावडरी जगभर पोहोचवल्या. पंखांवर छोटे बदल करत करत एकामागून एक पिढ्या आल्या. सुरुवातीच्या पिढ्यांची एक मोठी तक्रार होती: उष्णतेनं थोडं बेन्झाल्डिहाइड सुटायचं आणि डब्याला वास यायचा. खाण्याच्या डब्यासाठी हे चालणारं नव्हतं. नंतरच्या पिढ्यांमध्ये, विशेषतः डीएमडीबीएस नावाच्या रेणूत, ही अडचण बरीच कमी झाली.

या पावडरीची खरी करामत तिच्या वेळेत आहे. कारखान्यात काय होतं ते टप्प्याटप्प्यानं पाहा.

१. प्लास्टिकच्या दाण्यात ही पावडर मिसळलेली असते, किंवा ती 'मास्टरबॅच' म्हणून वेगळी घालतात. यंत्रात सगळं २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं जातं. या तापमानाला पावडर वितळलेल्या पीपीमध्ये साखर चहात विरघळावी तशी विरघळते.

२. हा रस साच्यात शिरतो आणि थंड होऊ लागतो. पीपीचे स्फटिक अजून सुरू व्हायचे आहेत, पण पावडरीला आता विरघळून राहता येत नाही. ती बाहेर पडते. बाहेर पडते म्हणजे ढेकळं होत नाहीत. तिचे रेणू एकमेकांना धरून बारीक धागे विणतात. धागे साधारण १० नॅनोमीटर जाडीचे, आणि त्यांचं जाळं रसात सगळीकडे पसरतं.

३. आणखी थंड झाल्यावर पीपीच्या साखळ्यांना घड्या घालायच्या असतात. समोर धाग्यांचं जाळं तयार असतं. त्या धाग्यांवर जागोजागी स्फटिक सुरू होतात. साधं पीपी साधारण ११० अंशांच्या आसपास स्फटिक बनवायला लागतं, तर क्लॅरिफायर असेल तर हे काम १३० अंशांच्या जवळपासच सुरू होतं.

४. जागा इतक्या की कोणालाच फार वाढायला वाव मिळत नाही. मोठे गोल गोळे बनण्याऐवजी लहान, पेंढीसारखे स्फटिक राहतात. संशोधनातून असंही दिसलंय की फक्त आकारमानच नाही, तर गोल गोळ्याचं हे पेंढीत बदलणंही धुरकटपणा कमी करायला मदत करतं.

आणि ते धागे? १० नॅनोमीटर म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चाळीसाव्या भागाहूनही कमी. प्रकाशाला त्यांचा पत्ताच लागत नाही.

सॉर्बिटॉलचं घराणं एकटंच नाही. फॉस्फेटच्या क्षारांवर आधारलेल्या पावडरी आहेत. २००५ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रायसअमाइड प्रकारच्या रेणूंबद्दल लिहिलं. ते तर किलोमागे ०.२ ग्रॅमच्या आसपास एवढ्या कमी मात्रेतही काम करतात.

पाषाणमधला धागा

या विषयाचा पुण्याशी संबंध फक्त बाजारातल्या डब्यांपुरता नाही. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आपल्या बोलण्यातली 'एनसीएल'. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पॉलिमर हा तिथल्या संशोधनाचा जुना आणि मोठा विषय आहे.

इथल्या डॉ. गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटानं डीएमडीबीएसवर काम केलं. २०११ मध्ये 'मॅक्रोमॉलिक्यूल्स' या नियतकालिकात त्यांचा एक शोधनिबंध आला. प्रश्न वर पाहिलेल्या दुसऱ्या टप्प्याचाच होता: पीपीच्या रसातून ही पावडर वेगळी होते त्यावर पीपीच्या साखळीच्या लांबीचा आणि तिच्या शिस्तीचा काय परिणाम होतो?

वरवर पाहता हा फार बारीक प्रश्न वाटतो. पण सगळा खेळ याच क्षणावर असतो. पावडर लवकर बाहेर पडून तिचे जाड गठ्ठे झाले तर तेच प्रकाश विखुरतील. उशिरा बाहेर पडली तर तोपर्यंत पीपीनं आपले मोठे गोळे बनवायला घेतलेले असतील. भोसरी किंवा चाकणच्या पट्ट्यात डबे ओतणाऱ्या कारखान्यालाही शेवटी याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, फक्त त्याची भाषा वेगळी असते. रस पुरेसा तापला नाही तर पावडर पूर्ण विरघळत नाही आणि डब्यात पांढरे ठिपके दिसतात.

जास्त पावडर टाकली तर जास्त स्वच्छ?

नाही. किलोमागे १ ग्रॅमपेक्षा खूप कमी टाकली तर सॉर्बिटॉलवाल्या पावडरीचं पुरेसं जाळंच विणलं जात नाही आणि डबा जवळजवळ होता तसाच राहतो. साधारण २ ग्रॅमपासून पुढे चांगला परिणाम दिसतो. पण १० ग्रॅमच्या वर गेलं की पावडरीचेच धागे जाड व्हायला लागतात आणि धुरकटपणा परत वाढतो. पावडर महाग असते, त्यामुळे कारखाने त्या टोकाला जातही नाहीत.

२ ग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. २० ग्रॅम वजनाच्या पार्सलच्या डब्यात ही पावडर जेमतेम ४० मिलिग्रॅम असेल, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

स्वच्छपणा मोजायचीही ठरलेली पद्धत आहे. त्या आकड्याला 'हेझ' म्हणतात. डब्याच्या भिंतीतून पार गेलेल्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश मूळ दिशेपासून २.५ अंशांपेक्षा जास्त वळला, ते मोजतात. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पीपीचा हेझ ४० टक्क्यांच्या वर असू शकतो. चांगला क्लॅरिफायर आणि योग्य जातीचं पीपी असेल तर तो १० टक्क्यांच्या आसपास येतो. 'योग्य जातीचं' हे महत्त्वाचं, कारण साखळीत थोडं इथिलीन मिसळलेलं पीपी मुळातच कमी स्फटिक बनवतं आणि जास्त स्वच्छ निघतं.

काचेची बरोबरी मात्र होत नाही. स्फटिक लहान झालेत, नाहीसे झालेले नाहीत.

पावडरीशिवाय स्वच्छ होणारं प्लास्टिक

बाकरवडीचं किंवा बिस्किटांचं कुरकुरीत पारदर्शक पाकीटही पीपीचंच असतं. तिथे दुसरी युक्ती वापरतात: फिल्म उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी ताणतात. ताणल्यावर मोठे गोळे मोडून त्यांचे लांब, बारीक तंतू होतात. शिवाय फिल्म मुळातच अतिशय पातळ असते.

पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिकही असंच ताणून फुगवलेलं असतं. तेच पेट सावकाश थंड केलं तर पांढरंफटक होतं. काही फळांच्या रसाच्या बाटल्यांचं तोंड पांढरं आणि बाकी बाटली पारदर्शक असते, ते आठवून पाहा. गरम रस भरताना तोंड वाकडं होऊ नये म्हणून तिथे मुद्दाम स्फटिक होऊ दिलेले असतात. प्लास्टिक तेच, फक्त स्फटिकांचा हिशेब वेगळा.

दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. त्यावर सॉर्बिटॉलच्या पावडरींचा परिणाम कमी होतो, कारण पॉलिथिन फार झपाट्यानं स्फटिक बनवतं. पावडरीला पुढे जायला वेळच मिळत नाही.

घरी करून बघण्यासारखे तीन प्रयोग

दुधाळ डबा आणि छापील कागद: डब्याची भिंत छापील कागदाला टेकवून धरा. अक्षरं वाचता येतील. आता कागद दोन-तीन इंच मागे न्या, अक्षरं पुसट होतील. विखुरलेला प्रकाश जवळून फार भरकटत नाही, लांब गेला की भरकटतो. म्हणूनच दुधाळ डब्यात भिंतीला चिकटलेली डाळ नीट दिसते आणि मधली दिसत नाही.

जुना, घासून घासून पुसट झालेला डबा: आतून-बाहेरून पाण्याचा हात फिरवा. डबा थोडा वेळ नव्यासारखा दिसेल. पाण्याऐवजी तेलाचा हात लावला तर आणखी स्वच्छ. चरे पडलेल्या जागी हवा होती, तिची जागा पाण्यानं किंवा तेलानं घेतली. म्हणजे जुन्या डब्याचा पुसटपणा बहुतेक वेळा घासणीच्या चऱ्यांचा असतो, पावडर निघून गेल्याचा नाही. तारेची घासणी टाळली तर डबा जास्त दिवस स्वच्छ राहतो.

तरंगतं की बुडतं: पारदर्शक प्लास्टिकचा छोटा तुकडा पाण्यात टाका आणि बोटानं बुडवून सोडा. पीपीची घनता साधारण ०.९, म्हणून ते तरंगतं. पेटची १.३८, म्हणून ते बुडतं.

हा तिसरा प्रयोग नुसती गंमत नाही. पुढचा भाग वाचलात की कळेल.

दिसायला सारखे, वागायला वेगळे

पीपी दुधाळ होतं तोवर त्याची आणि पेटची गल्लत होत नव्हती. क्लॅरिफायरनं ती ओळख पुसली. आज पारदर्शक पीपीचा डबा आणि पेटचा डबा एका नजरेत वेगळे सांगता येत नाहीत. आणि हे तीन ठिकाणी महत्त्वाचं ठरतं.

स्वयंपाकघरात: पीपी साधारण १६० अंशांच्या वर वितळतं. गरम आमटी त्यात ओतली तर डबा वाकडा होत नाही. पेट ७० ते ८० अंशांच्या दरम्यानच मऊ पडायला लागतं. मिठाईचा किंवा केकचा रिकामा पारदर्शक डबा धुऊन ठेवायची आपल्याकडे सवय आहे. तो पेटचा असेल तर त्यात गरम भाजी किंवा उकळता चहा ओतू नका. आधी तळाशी पाहा: ५ म्हणजे पीपी, १ म्हणजे पेट. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा असेल तर नुसता ५ पुरेसा नाही, 'मायक्रोवेव्हसाठी योग्य' अशी खूणही हवी. रंग भरणं, झाकणाची बनावट, भिंतीची जाडी, सगळ्याचा परिणाम होतो.

दवाखान्यात: एकदा वापरून टाकायच्या इंजेक्शनच्या सिरिंजची नळी बहुतेक वेळा क्लॅरिफायर घातलेल्या पीपीची असते. नळी स्वच्छ असेल तरच औषध बरोबर रेघेपर्यंत भरलंय का आणि आत हवेचा बुडबुडा राहिलाय का, हे नर्सला दिसतं. काचेची सिरिंज उकळून परत परत वापरायचा काळ मागे पडला, त्यात स्वस्त, न तडकणाऱ्या आणि आरपार दिसणाऱ्या या प्लास्टिकचा वाटा आहे.

कचऱ्यात: पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. सुका कचरा हातानं निवडला जातो. कोणतं प्लास्टिक कोणत्या ढिगात जाईल, हे नजर, स्पर्श आणि दाबल्यावर येणारा आवाज यांवर ठरतं. ढीग जितका शुद्ध, तितका भाव चांगला. पेटच्या ढिगात पारदर्शक पीपी मिसळलं गेलं तर पुढे अडचण होते. ही दोन प्लास्टिकं वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत. पेटचा अपवर्तनांक १.५७ च्या आसपास, पीपीचा १.४९. पेटमध्ये पीपीचे बारीक थेंब अडकून राहतात आणि नवीन माल धुरकट होतो. ज्या कारणानं साधा पीपीचा डबा दुधाळ दिसतो, तेच कारण इथे भंगाराचा भाव पाडतं.

त्याची दुसरी बाजूही आहे. डबा, झाकण आणि वरची फिल्म तिन्ही पारदर्शक पीपीची करता आली, तर निवडायची गरजच उरत नाही, सगळं एकाच ढिगात जातं. आणि बिनरंगी, पारदर्शक पीपीला काळ्या डब्यापेक्षा पुनर्वापरात जास्त वाव असतो, कारण त्यापासून हव्या त्या रंगाची वस्तू करता येते. उलट कारखान्यांतल्या प्रकाशावर चालणाऱ्या निवड-यंत्रांना काळं प्लास्टिक ओळखताच येत नाही, असं बऱ्याचदा घडतं.

नेहमी पडणारे प्रश्न

ही पावडर खाण्यात उतरते का? अन्नाला लागणाऱ्या पीपीमध्ये कोणते घटक चालतात, याची यादी भारतीय मानक आयएस १०९०९ मध्ये आहे. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती अंश उतरू शकतो, याला एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मर्यादा घातली आहे: किलोमागे जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम. हे नियम मालाला लागू आहेत, म्हणून ज्यावर उत्पादकाचं नाव, आकडा किंवा अन्नासाठी योग्य असल्याची खूण नाही असा डबा, तो कितीही स्वच्छ दिसो, अन्नासाठी घेऊ नये.

दुधाळ डबा कमी दर्जाचा असतो का? नाही. दुधाळ डब्यात फक्त क्लॅरिफायर नसतो. मजबुती आणि उष्णता सोसणं यात तो मागे असेलच असं नाही. पीठ, डाळ भरून ठेवायला तो तितकाच चांगला.

नव्या पारदर्शक डब्याला वास का येतो? कारणं अनेक असू शकतात: प्लास्टिक जास्त तापलं असेल, डबा बंद अवस्थेत पडून असेल, किंवा जुन्या प्रकारची पावडर वापरली असेल. गरम पाण्यानं धुऊन, उघडा ठेवूनही वास गेला नाही तर तो डबा अन्नासाठी वापरू नका.

डबा दुमडला की त्या रेघेवर पांढरं का होतं? तिथे प्लास्टिक ताणलं जाऊन आत अतिशय बारीक पोकळ्या पडतात. पोकळीत प्लास्टिक नसतं, म्हणजे अपवर्तनांकाचा मोठा फरक, म्हणजे पांढरी रेघ. वडापावच्या कागदाची गोष्ट, फक्त उलट्या दिशेनं.

जाता जाता एक सोपी सवय: पारदर्शक डबा हातात आला की आधी उलटा करा आणि आकडा वाचा. ५ असेल तर गरम पदार्थाला चालेल, १ असेल तर फक्त थंड आणि कोरड्याला. आणि टाकून द्यायची वेळ आली की धुऊन, कोरडा करून सुक्या कचऱ्यात द्या. तुमच्या दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंचं काम त्यानं थोडं हलकं होईल आणि त्यांच्या ढिगाला भावही बरा मिळेल.